मरहूम माणसे स्वप्नात येतात तेव्हा

माझे वडील वारले त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी, एका पहाटे फजरची नमाज आटोपून अम्मी ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "रात्री तुझे अब्बा आले होते." ते विहिरीच्या कठड्यावर बसले होते, अंगात नेहमीचा पांढरा सदरा होता आणि त्यांनी फक्त पाणी मागितले, ती कळशी घेऊन वळली तेवढ्यात तिला जाग आली. शेजारच्या खालाने (मावशीने) ऐकताच दोन प्रश्न विचारले, "चेहरा कसा दिसत होता? आणि पाणी दिलंस की नाही?" कोकणातल्या आमच्या गावात अशा गोष्टीला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत घरात तीन अर्थ येऊन पोहोचले होते. एकाच्या मते अब्बांची रूह (आत्मा) तहानलेली होती, दुसऱ्याला त्यात कबरीच्या अजाबाची म्हणजे शिक्षेची खूण दिसली आणि तिसऱ्याने तालुक्याच्या गावी ताबीज देणाऱ्या कुणाचा तरी पत्ता सांगितला. अम्मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेवली नाही.

ती जेवली नाही हे मला आजही लागून राहिले आहे, कारण ज्या धर्माच्या नावाने तिला घाबरवले गेले त्या धर्माच्या मूळ ग्रंथांत या विषयावर जे काही लिहिले आहे ते वाचून माणसाची भूक मरण्याचे काहीच कारण नाही. अडचण अशी आहे की मृत व्यक्तीच्या स्वप्नाबद्दल बोलताना तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. कुरआन आणि विश्वसनीय हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदी, यांत जे स्पष्ट आले आहे ते एक. त्यावरून उलमांनी म्हणजे धर्मपंडितांनी शतकानुशतके जी मते मांडली आणि ज्यांवर त्यांच्यात मतभेद आहेत ती दुसरी. आणि ताबीरच्या, म्हणजे स्वप्नांचे अर्थ सांगणाऱ्या, पुस्तकांतून व ऐकीव गोष्टींतून घरोघरी पोहोचलेले अर्थ ही तिसरी. या तिन्हींचे वजन सारखे नाही.

सुरुवात झोपेपासूनच करावी लागते, कारण इस्लामी विचारात झोप आणि मृत्यू यांचे नाते फार जवळचे मानले आहे. कुरआनच्या ३९व्या सूरहमध्ये (अध्यायात), म्हणजे सूरह अज-जुमरमध्ये, ४२वी आयत (वचन) सांगते की अल्लाह मृत्यूच्या वेळी जीव आपल्याकडे घेतो आणि जे अजून मेलेले नाहीत त्यांचे जीव झोपेत घेतो. मग ज्यांच्या मृत्यूचा निर्णय झालेला असतो त्यांचे रोखून ठेवतो आणि बाकीच्यांचे ठरलेल्या मुदतीपर्यंत परत पाठवतो. सकाळी उठल्यावर म्हणायची दुआ (प्रार्थना) मदरशात पाच-सहा वर्षांच्या मुलालाही पाठ असते, आणि तिचा अर्थ असा की ज्याने आम्हाला मृत्यू दिल्यानंतर पुन्हा जिवंत केले त्या अल्लाहची स्तुती असो. दुसरीकडे, मेलेला माणूस कयामतीपर्यंत, म्हणजे अंतिम निवाड्याच्या दिवसापर्यंत, ज्या अवस्थेत असतो तिला बरजख म्हणतात. हा शब्द सूरह अल-मुमिनूनच्या १००व्या आयतीत येतो आणि त्याचा मूळ अर्थ आडपडदा किंवा दोन बाजूंमधला अडसर असा आहे. मेलेल्याला या जगात परत येता येत नाही, हे त्या आयतीचे थेट सांगणे आहे.

आता प्रश्न उभा राहतो तो असा की झोपेत आपला जीव जिथे जातो आणि मेलेल्यांचा जीव जिथे असतो, त्या दोहोंची गाठ पडू शकते का? दमास्कसचे इब्न अल-कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी रूह या विषयावर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात याचे उत्तर होकारार्थी दिले आहे. जुमरच्या त्याच आयतीचा आधार घेऊन ते म्हणतात की जिवंत आणि मृत यांच्या रूहांची झोपेत भेट होते, आणि पुरावा म्हणून ते अशा स्वप्नांच्या हकीकती देतात ज्यांत मृताने सांगितलेली गोष्ट नंतर पडताळून खरी निघाली. सगळ्यांनी मात्र असे मानलेले नाही. उत्तर आफ्रिकेतले, मालिकी या सुन्नी कायदेपंथाचे विद्वान अल-माजरी (मृत्यू ११४१) यांची मांडणी निराळी आहे. जागेपणी जशी अल्लाह माणसाच्या मनात जाणीव निर्माण करतो तशीच झोपेतही करतो, आणि ती जाणीव एखाद्या गोष्टीची खूण असते, जसा ढग पावसाची खूण असतो. ढग आला तरी कधी कधी पाऊस पडत नाही. आम्हा कोकणातल्या लोकांना हा दृष्टान्त उलगडून सांगावा लागत नाही. या दृष्टीने पाहिले तर अम्मीने पाहिलेले अब्बा हे प्रत्यक्ष अब्बाच होते असे म्हणण्याची गरज राहत नाही, ती त्यांच्याविषयीची एक खूण असू शकते. दोन्ही मते सुन्नी परंपरेच्या आत राहून मांडलेली आहेत, आणि यांपैकी कोणते स्वीकारावे यावर कुणाचा ईमान (श्रद्धा) अवलंबून नाही.

यापेक्षा अधिक पक्की जमीन हदीसमध्ये मिळते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वप्नांचे तीन प्रकार सांगितल्याचे सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आले आहे. अल्लाहकडून आलेली शुभवार्ता हा एक प्रकार, शैतानाकडून माणसाला दुःखी करण्यासाठी येणारे स्वप्न हा दुसरा, आणि माणूस दिवसभर जे मनाशी बोलत असतो तेच रात्री दिसणे हा तिसरा. अरबीत पहिल्याला रुया आणि दुसऱ्याला हुल्म म्हणतात. तिसऱ्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो, आणि शोकात असलेल्या माणसाच्या बाबतीत तोच सर्वांत जास्त संभवतो असे मला वाटते. पन्नास वर्षे ज्याला दिवसातून दहा वेळा पाणी नेऊन दिले तो माणूस गेल्यावर पत्नीच्या स्वप्नात येऊन पाणी मागतो, यात गूढ शोधण्याआधी पन्नास वर्षांची सवय आठवावी. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या वर्गीकरणात मनाच्या या कामाला स्वतंत्र जागा दिलेली आहे. त्यामुळे "हे तुमच्या आठवणीतून आले असावे" असे म्हणणारा माणूस श्रद्धेविरुद्ध काही बोलत नसतो.

चांगल्या स्वप्नाचे स्थान मात्र मोठे आहे. सच्चे स्वप्न हे प्रेषितत्वाच्या ४६ भागांपैकी एक भाग आहे ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि प्रेषितत्वातून आता फक्त शुभवार्ता देणारी स्वप्नेच उरली आहेत असेही बुखारीत आले आहे. शेहेचाळिसात एक भाग, एवढेच. तो भाग खरा, पण त्यावरून स्वप्न पाहणाऱ्याला कुणावर हुकूम चालवण्याचा अधिकार मिळत नाही.

मृत व्यक्ती स्वप्नात दिसल्याच्या ज्या घटना हदीसमध्ये आहेत त्यांतली मला सर्वांत जवळची वाटते ती उम्म अल-अला या अन्सारी, म्हणजे मदिनेच्या मूळ रहिवासी मुसलमान, स्त्रीची. मक्केहून मदिनेला आलेल्या मुहाजिरांची राहण्याची सोय करताना चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि उस्मान बिन मजऊन हे उम्म अल-अला यांच्या घरी आले. ते तिथेच आजारी पडले, या कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली आणि तिथेच ते वारले. कफन घातलेल्या त्या देहाकडे पाहून उम्म अल-अला म्हणाल्या की, अल्लाहने तुमचा सन्मान केला याची मी साक्ष देते. प्रेषितांनी तिथेच विचारले, "तुला कसे कळले?" उस्मान यांच्यासाठी मी भल्याचीच आशा करतो, पण मी अल्लाहचा प्रेषित असूनही माझे काय होईल हे मला ठाऊक नाही, असे ते पुढे म्हणाले. बाईंना वाईट वाटले आणि यापुढे आपण कुणाच्याही पावित्र्याची ग्वाही देणार नाही असे त्यांनी ठरवले. मग त्या झोपल्या, आणि स्वप्नात त्यांना उस्मान यांच्यासाठी वाहणारा एक झरा दिसला. त्यांनी प्रेषितांना जाऊन सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, "ते त्यांचे सत्कर्म आहे."

या छोट्या घटनेत जवळजवळ सगळा विषय आला आहे. मेलेल्याचे पुढे काय झाले याची जागेपणी केलेली ठाम घोषणा नाकारली गेली, मग ती प्रेमापोटी केलेली आणि चांगली घोषणा का असेना. "त्यांना कबरीत अजाब चालू आहे" असे दुपारी ओट्यावर बसून सांगणाऱ्यांना हाच प्रश्न विचारायला हवा की, तुम्हाला कसे कळले? आणि त्याच बाईला, ती हिरमुसली असताना, स्वप्नातून दिलासा मिळाला. तो दिलासा प्रेषितांनी खोडून काढला नाही, उलट त्याचा अर्थ सांगितला.

दुसरी घटना दौस जमातीच्या तुफैल बिन अम्र यांची आहे आणि ती सहीह मुस्लिममध्ये आहे. त्यांच्याबरोबर त्यांच्या जमातीतला एक माणूस हिजरत (स्थलांतर) करून मदिनेला आला होता. तिथली हवा त्याला मानवली नाही, तो आजारी पडला आणि वेदना असह्य होऊन त्याने बाणाच्या रुंद पात्याने आपल्या बोटांची पेरे कापून घेतली. रक्त थांबले नाही आणि तो गेला. पुढे तुफैल यांनी त्याला स्वप्नात चांगल्या स्थितीत पाहिले, मात्र त्याचे दोन्ही हात झाकलेले होते. "तुझ्या रबने (प्रभूने) तुझे काय केले?" या प्रश्नावर तो म्हणाला की प्रेषितांकडे हिजरत केल्यामुळे त्याने मला माफ केले. हात का झाकले आहेत असे विचारल्यावर म्हणाला की, तू स्वतःच जे बिघडवलेस ते आम्ही दुरुस्त करणार नाही, असे मला सांगण्यात आले. तुफैल यांनी ही हकीकत प्रेषितांना सांगितली आणि प्रेषितांनी लगेच दुआ केली, "हे अल्लाह, त्याच्या हातांनाही माफ कर."

आत्महत्या हे इस्लाममध्ये मोठे पाप आहे, यात कुणाचे दुमत नाही. पण तेराव्या शतकातले थोर भाष्यकार इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी या हदीसवरून स्पष्ट केले आहे की, असे करणारा धर्माबाहेर जात नाही आणि त्याच्यासाठी माफीचे दार बंद होत नाही. ज्या घरांत असे मरण येऊन गेले आहे, जिथे वर्षानुवर्षे त्या माणसाचे नावही कुणी मोठ्याने घेत नाही, त्यांच्यापर्यंत ही हदीस पोहोचायला हवी असे मला फार मनापासून वाटते. आणि यातही पाहण्यासारखे हे आहे की स्वप्नातली बातमी ऐकून प्रेषितांनी त्या माणसाच्या अवस्थेची चर्चा केली नाही. त्यांनी त्याच्यासाठी दुआ मागितली.

तिसरी हकीकत अरबस्तानातल्या यमामाच्या लढाईतली आहे, म्हणजे साधारण ६३२-३३ मधली, आणि ती कायद्याच्या अंगाने महत्त्वाची आहे. साबित बिन कैस हे अन्सारांमधले नामवंत वक्ते त्या लढाईत शहीद झाले. अंगावरचे त्यांचे मौल्यवान चिलखत जवळून जाणाऱ्या एका माणसाने काढून नेले. त्यानंतर साबित एका मुसलमान सैनिकाच्या स्वप्नात आले आणि त्यांनी त्याला आधीच बजावले की, हे नुसते स्वप्न आहे असे म्हणून सोडून देऊ नकोस. चिलखत नेणाऱ्याचा तंबू छावणीच्या अगदी टोकाला आहे, तंबूपाशी लांब दोरीने बांधलेला घोडा आहे, चिलखतावर हंडी पालथी घातली आहे आणि हंडीवर उंटाचे खोगीर ठेवले आहे, असा पत्ता त्यांनी सांगितला. चिलखत परत घ्यायला सेनापती खालिद बिन वलीद यांना सांग, आणि मदिनेला गेल्यावर खलीफा अबू बकर यांना सांग की माझ्यावर अमुक कर्ज आहे आणि माझा अमुक गुलाम मुक्त करावा, असा निरोप त्यांनी दिला. खालिद यांनी माणूस पाठवला, चिलखत वर्णन केल्याप्रमाणे सापडले आणि अबू बकर यांनी साबित यांची ती इच्छा अमलात आणली. मृत्यूनंतर सांगितलेले मृत्युपत्र अमलात आल्याचे हे एकच उदाहरण आपल्याला माहीत आहे, असे जुने लेखक सांगतात.

हे उदाहरण दाखवून कुणी म्हणेल की मग स्वप्नातल्या मृताचे ऐकायलाच हवे. उलमांनी मात्र यातून वेगळा निष्कर्ष काढला आहे. इथे स्वप्नावर विश्वास ठेवला गेला तो पडताळा झाल्यानंतर. खोगीर, हंडी आणि चिलखत डोळ्यांना दिसले, म्हणून बाकीच्या निरोपाला वजन आले, आणि तरीही निर्णय खलीफाने आपल्या अधिकारात घेतला. पडताळा नसलेल्या स्वप्नावरून कुणाचा हक्क हिरावून घेता येत नाही की कुणावर नवे ओझे टाकता येत नाही. इमाम नववी यांनी याचे कारणही दिले आहे: बातमी देणारा माणूस सावध असावा, नीट लक्षात ठेवणारा असावा ही साक्षीची अट आहे, आणि झोपलेला माणूस त्या अवस्थेत नसतो. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या तिसाव्या रात्री चंद्र दिसला नाही आणि कुणी प्रत्यक्ष प्रेषितांना स्वप्नात पाहून "उद्या रमजान आहे" असे ऐकले, तरी त्यावरून लोकांना रोजे लागू होत नाहीत, असे फिकहच्या म्हणजे इस्लामी कायद्याच्या ग्रंथांत म्हटले आहे.

याबाबत अंदलुसियाचे विद्वान शातिबी (मृत्यू १३८८) यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. काजी शरीक हे अब्बासी खलीफा महदी यांच्यासमोर गेले तेव्हा महदींनी तलवार मागवली. का, तर म्हणे स्वप्नात शरीक त्यांच्या गालिच्यावर पाठ फिरवून चालताना दिसले होते आणि ताबीर सांगणाऱ्याने त्याचा अर्थ लावला होता की हा माणूस वरून आज्ञाधारक आहे आणि आतून विरोधात आहे. शरीक म्हणाले की, तुमचे स्वप्न प्रेषित इब्राहीमांचे स्वप्न नाही आणि तुमचा ताबीर सांगणारा प्रेषित यूसुफ नाही. खोट्या स्वप्नांवरून मुसलमानांच्या माना उडवणार आहात काय? खलीफा खजील झाले. हा प्रसंग मृताच्या स्वप्नाचा नाही, पण वारसांच्या बैठकीत "अब्बांनी ख्वाबात येऊन सांगितले की घर धाकट्याला द्या" असे वाक्य येते तेव्हा शरीक यांचे उत्तर आठवावे. वारसाहक्काचे हिस्से कुरआनने ठरवून दिले आहेत आणि ते स्वप्नाने बदलत नाहीत. वडिलांवर एखाद्याचे कर्ज राहिल्याचे स्वप्नात कळले तर चौकशी अवश्य करावी, कागद शोधावेत, त्या माणसाला विचारावे. पुरावा मिळाला तर ते फेडणे वाटणीच्या आधीचे कर्तव्य आहे. पुरावा नाही पण मन स्वस्थ बसत नाही, अशा वेळी सज्ञान वारस आपापल्या हिश्श्यातून खुशीने देऊ शकतात. अल्पवयीन वारसाच्या हिश्श्याला मात्र हात लावता येत नाही. आणि न पाहिलेले स्वप्न पाहिले म्हणून सांगणाऱ्याबद्दल बुखारीत इशारा आहे की, त्याला कयामतीच्या दिवशी जवाचे दोन दाणे एकमेकांना गाठ मारून बांधायला सांगितले जाईल आणि ते त्याला कधीच जमणार नाही.

"मेलेला माणूस दारुल हक म्हणजे सत्याच्या घरात असतो, म्हणून तो स्वप्नात जे बोलतो ते खरेच असते", हे वाक्य पुष्कळदा कानावर येते आणि ते ताबीरसाठी प्रसिद्ध असलेले बसराचे इब्न सिरीन (मृत्यू ७२९) यांच्या नावावर सांगितले जाते. ते जसेच्या तसे घेण्यात एक अडचण आहे. शैतान माझे रूप घेऊ शकत नाही, ही हमी प्रेषितांनी फक्त स्वतःबद्दल दिलेली आहे. आपल्या आजोबांबद्दल किंवा एखाद्या बुजुर्गाबद्दल तशी हमी कुठेही नाही. स्वप्नात दिसलेला चेहरा वडिलांचा असला तरी बोलणारे वडीलच होते हे कशावरून ठरवणार? मृत व्यक्ती स्वप्नात एखादे पाप करायला, नमाज सोडायला किंवा नाते तोडायला सांगत असेल, तर ते सांगणे तिचे नाही असे समजावे, यावर ताबीरचे जाणकारही एकमत आहेत.

इब्न सिरीन यांच्या नावाने बाजारात मिळणारी जाडजूड ताबीरनामे त्यांनी लिहिलेली नाहीत, ती नंतरच्या काळात इतरांनी जुळवलेली आहेत. हाती असलेल्या सर्वांत जुन्या अरबी ताबीरग्रंथांपैकी एक इब्न कुतैबा (मृत्यू ८८९) यांचा आहे, आणि दमास्कसचे नाबुलुसी (मृत्यू १७३१) यांनी पुढे मोठा कोशच तयार केला. मृताने काही दिले तर लाभ, काही नेले तर तोटा, त्याच्यामागून अनोळखी घरात गेल्यास मरण जवळ, असे ठोकताळे या परंपरेतून आले. त्यांना कुरआनचा दर्जा नाही, हदीसचाही नाही. ते त्या त्या काळातल्या अभ्यासू माणसांचे अंदाज आहेत. खुद्द इब्न सिरीन यांच्याबद्दल सांगतात की अजान देत असल्याचे एकच स्वप्न दोघांनी सांगितले, तेव्हा त्यांनी एकाला तू हजला जाशील म्हणून सांगितले आणि दुसऱ्याला तुझा हात चोरीत सापडेल म्हणून. माणूस पाहून अर्थ लावण्याची ही कला पुस्तकातले पान उघडून किंवा मोबाइलवर तीन शब्द टाकून कशी साधणार?

मृताचे स्वप्न भयानक असेल, त्याचा देह जळताना किंवा तो रडताना दिसला असेल, तर काय करावे याबद्दल मात्र अंदाजाला जागाच नाही, इतक्या स्पष्ट हदीस आहेत. डाव्या बाजूला तीन वेळा हलकेच थुंकल्यासारखे करावे, शैतानापासून अल्लाहचा आश्रय मागावा, कूस बदलावी, वाटल्यास उठून नमाज पढावी, आणि ते स्वप्न कुणालाही सांगू नये. मग ते कसलेही नुकसान करणार नाही. चांगले स्वप्न असेल तर अल्लाहची स्तुती करावी आणि ज्याच्यावर आपले प्रेम आहे अशालाच सांगावे. एका बदूने येऊन सांगितले की, स्वप्नात माझे मुंडके तुटले, ते घरंगळत चालले आणि मी त्याच्या मागे धावत होतो. प्रेषितांनी त्याचा काहीच अर्थ लावला नाही. शैतान झोपेत तुझ्याशी खेळतो ते लोकांना सांगत बसू नकोस, एवढेच ते म्हणाले. अम्मीच्या स्वप्नात भयानक काही नव्हते. ते भयानक झाले ते दुपारी, पाचव्या माणसाच्या तोंडून.

मग पाणी मागितले त्याचे काय? इथे परंपरा अतिशय व्यवहारी आहे. माणूस मेल्यावर त्याची कर्मे थांबतात, तीन सोडून: चालू राहणारे दान, लोकांना उपयोगी पडणारी विद्या आणि त्याच्यासाठी दुआ करणारी सदाचारी संतती. साद बिन उबादा यांनी विचारले होते की, मी घरी नसताना माझी आई गेली, मी तिच्या वतीने दान केले तर तिला पोहोचेल का. उत्तर होकारार्थी मिळाले आणि त्यांनी आपली बाग तिच्या नावाने देऊन टाकली. कोणते दान उत्तम असे त्यांनी विचारल्यावर पाणी पाजणे हे उत्तर मिळाल्याचीही नोंद आहे. म्हणजे स्वप्न पडो वा न पडो, पाणी देणे चांगलेच. स्वप्नाने फक्त आठवण करून दिली असे मानायला हरकत नाही. दुआ आणि दान पोहोचते यावर सर्वांचे एकमत आहे. कुरआनपठणाचा सवाब (पुण्य) पोहोचतो का, यावर मात्र जुने मतभेद आहेत. हनफी आणि हंबली हे कायदेपंथ पोहोचतो म्हणतात, तर शाफई पंथाचे प्रसिद्ध मत पोहोचत नाही असे होते आणि त्यांच्याच नंतरच्या अनेक विद्वानांनी ते सौम्य केले. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई आणि घाटावरचे बहुतांशी हनफी, त्यामुळे हा फरक आपल्याकडे लग्नसंबंधांतून एकाच घरात येऊन बसतो. मृतांसाठीची जुम्मेरातची (गुरुवारची) फातिहा आणि चाळिसावा याबद्दल बरेलवी, देवबंदी आणि अहले हदीस या गटांचे वाद तर सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत इथे शिरत नाही. आमच्या घरी मशिदीच्या इमामांनी अम्मीला एवढेच सांगितले की, घाबरू नका, दुआ करा आणि जमेल तर पाणी पाजा. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्या फाटकाबाहेर, एस.टी.साठी लोक उभे राहतात त्या आंब्याखाली, दोन माठ असतात. फडके अम्मी स्वतः बदलते.

उलट तक्रारही पुष्कळांची असते, आणि ती सहसा दबक्या आवाजात केली जाते, की ते इतरांच्या स्वप्नात आले पण माझ्या आले नाहीत, म्हणजे माझ्यावर नाराज तर नसतील? माझ्या बहिणीने हेच विचारले होते. कुणाच्या स्वप्नात येणे मेलेल्याच्या हाती आहे असे कुरआनात किंवा हदीसमध्ये कुठेही म्हटलेले नाही, तेव्हा न येण्यावरून त्याचा राग किंवा आपला अपराध सिद्ध होत नाही. मी तिला हजरत अब्बास यांची हकीकत सांगितली. ते प्रेषितांचे काका आणि दुसरे खलीफा हजरत उमर यांचे जिवलग. ६४४ मध्ये हजरत उमर गेल्यानंतर त्यांना एकदा स्वप्नात पाहायला मिळावे म्हणून ते वर्षभर अल्लाहकडे मागत राहिले. वर्ष संपता संपता दिसले ते कपाळावरचा घाम पुसताना. रबने तुमचे काय केले असे विचारल्यावर म्हणाले की, आता कुठे मोकळा झालो आहे, आणि तो दयाळू नसता तर माझे काही खरे नव्हते. यावरून हिशेबाला वर्ष लागते असा सिद्धान्त कुणी काढलेला नाही. बहिणीने दुसराच प्रश्न विचारला, "वर्षभर रोज मागत होते?" मी हो म्हणालो. ती अजून मागते.